आजोबा, गँगमन, मुक्काम लहवित

नाशिकहून परत आल्यावर शाळेतल्या बायकांनी मला पहिला प्रश्न विचारला, “रामकुंडावर गेला होतात का?” आणि दुसरा, “चिवडा आणला का?” चिवडा आणला होता. रामकुंडावर मात्र आम्ही गेलो नाही. मी आणि माझे वडील सहा दिवस तिकडे होतो आणि त्यातले निम्मे दिवस कचेऱ्यांतली जुनी दप्तरं उलगडण्यात गेले. या गोष्टीला आता सात वर्षं होतील. दादा, म्हणजे माझे वडील, आज नाहीत. त्यांच्याबरोबर मी केलेला तो एकमेव प्रवास, म्हणून लिहून ठेवते आहे.

दादा सोलापूरच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम, होते. बोलायला मोकळे, भजनात, सभेत, मोर्चात पुढे. पण स्वतःच्या वडिलांचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. कुठला फॉर्म भरायचा असला आणि वडिलांच्या नावाचा रकाना आला की पेन माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “हे तेवढं तू लिही.” मी लिहायची, भिवा.

भिवा म्हणजे माझे आजोबा. करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावातून ते रेल्वेच्या कामावर गेले, नाशिककडे. गँगमन म्हणून. रुळाखालची खडी सारखी करायची, स्लीपर बदलायचे, असलं काम. दर पोळ्याला घरी यायचे. एका वर्षी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं त्यांचं कार्ड आलं, “पोळ्याला येतो.” पोळा झाला, दसरा आला, आजोबा आले नाहीत. दादांचे चुलते शोधायला गेले. तिथल्या मुकादमानं वही उघडून सांगितलं की हा माणूस न सांगता गेला, नाव कमी केलंय. मग गावात बोलणं सुरू झालं. इगतपुरीला बाई ठेवली, तिच्यापाशी राहतोय. कुणी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं आणि मरेपर्यंत तिला लोक टाकलेली म्हणाले. ते कार्ड आलं त्या वर्षी दादा आठ वर्षांचे होते.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी जेवताना ते सहज विचारावं तसं म्हणाले, “तुझी शकू नाशकाला राहते ना?”

शकू माझी मावसबहीण. तिचे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. मी हो म्हटलं.

“नाताळात तुला सुट्टी असंल. जाऊ म्हणतो. तो गेला कुठं ते एकदा बघून घेऊ.”

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

एकलहरे

शकूच्या क्वार्टरच्या गच्चीवरून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. सकाळी वाळत घातलेल्या धोतरावर दुपारपर्यंत राखेची बारीक भुकटी बसायची. दादा ती बोटानं पुसून बघायचे आणि म्हणायचे, “गिरणीत कापूस, हितं राख. कामगाराच्या नाकाला सुट्टी नाही.”

थंडी आमच्याकडच्यापेक्षा पुष्कळच जास्त. जेवणही वेगळं. आम्ही ज्वारीची माणसं, तिथं बाजरीची भाकरी आणि उडदाच्या डाळीचं घोटलेलं घुटं. पहिल्या दिवशी दादांनी कौतुकानं खाल्लं, दुसऱ्या दिवशी शकूला हळूच विचारलं, “शेंगाची चटणी हाय का गं घरात?” मी सोलापुरातून निघताना डबा भरून घेतला होता. पुढचे सगळे दिवस आम्ही घुट्याला शेंगाचटणी लावून खाल्लं, आणि शकूच्या घरातही ती पद्धत पडली असं तिनं नंतर पत्रात कळवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो ते चुकीच्या देवळालीला. कार्डावर पत्ता होता, ‘देवळालीजवळ, गँग नंबर अकरा’. आम्ही कंडक्टरला देवळाली म्हटलं, त्यानं देवळालीगावात उतरवलं. तिथं तासभर हिंडलो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. शेवटी एका पानवाल्यानं सांगितलं, “बाई, हे गाव वेगळं. तुम्हाला पाहिजे ती कॅम्पातली देवळाली. मिलिटरीची. आणि गँगची चौकशी तिथंही नाही व्हायची, ती नाशिकरोडला.” दादा देवळासमोरच्या पारावर टेकले आणि म्हणाले, “आमच्या चुलत्याचंबी असंच झालं असणार. फिरून फिरून दमला असंल आणि कुणी सांगंल ते ऐकून परत आला असंल.” चुलत्यांच्या बाजूनं ते काही बोलले, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

नाशिकरोड

रेल्वेच्या त्या कचेरीत पाठीमागे एक अंधारी खोली होती. तिथला कारकून पन्नाशीचा, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरा बांधलेला. त्यानं आमचं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “हजेरीपट काही राहत नाहीत, ते कधीच जाळले. पण गँगच्या नेमणुकांची जाड रजिस्टरं आहेत काही. वाळवीनं सोडली असतील तेवढी. नाव काय कर्मचाऱ्याचं?”

त्यानं विचारलं दादांना. दादा खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हटलं, “भिवा सका.”

रजिस्टर सापडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी कारकुनानं टेबलावर पान उघडून ठेवलं. इंग्रजीत, झरझर उतरत्या अक्षरात लिहिलेलं. गँग अकरा, हद्द लहवित. भिवा सका, वय तीस, नेमणूक अमुक साली. पुढे शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी होत्या. त्या मी वाचून मराठीत सांगितल्या, “चार सप्टेंबरपासून गैरहजर. नाव कमी केले.”

दादांनी ते एकदा ऐकलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

“झालं. चुलत्यानं हेच सांगितलं होतं. पंचावन्न वर्षांत शाईसुद्धा बदलली नाही.” आणि माझ्याकडे वळून, “चल सुमन. उद्याची गाडी बघ.”

रजिस्टरच्या त्या पानावर आजोबांचं नाव होतं, पण आजोबा कुठंच नव्हते. मी उठलेही होते. पण कारकून पान मिटेना. तो बोट ठेवून वरखाली बघत होता.

“बसा जरा, काका,” तो म्हणाला. “याच पानावर बघा. याच महिन्यात आणखी तिघांपुढे ‘मयत’ लिहिलंय. एका गँगमध्ये एका महिन्यात तीन मयत म्हणजे साथ असणार. पटकी असेल. आणि पुढच्या पानावर बघा, दहा तारखेनंतर गँगची हद्दच बदललीय, घोटीकडे. मुकादमाची सहीसुद्धा वेगळी आहे.”

“मग?” दादा म्हणाले.

“मग काही नाही. गैरहजर म्हणजे कामावर दिसला नाही एवढंच. का दिसला नाही, ते ही वही सांगत नाही. माणूस कामावर मेला तर इथं नोंद होते. गावाच्या हद्दीत मेला तर ती नोंद गावच्या पाटलाकडे. कोतवाल बुकात. लहवितचं बुक नाशिकला तहसीलमध्ये मिळेल.”

दादा उभेच होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. कारकुनाला म्हटलं, “अर्ज कसा करायचा तेवढं सांगा.”

नाशिक शहर

तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहिणारे, तिकिटं विकणारे, झाडाखाली बसलेले पक्षकार, सगळं सोलापूरसारखंच. दप्तरं लाल कापडात बांधलेली. शिपायानं गाठ सोडली तेव्हा धुरळा उडाला आणि दादांना अशी शिंक आली की समोरचे दोघेजण हसले. लहवितचं त्या सालचं बुक होतं. पण सगळं मोडीत.

कचेरीत मोडी वाचणारा कुणी उरला नव्हता. शिपाई म्हणाला, “गुरुजी आहेत एक, आवारातच बसतात. वाटणीचे जुने कागद वाचून देतात लोकांना.” गुरुजी आले. ऐंशीच्या घरातले, डोक्याला कानटोपी, हातात भिंग. नाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली आणि भिंग ओळीओळीवरून फिरवत वाचू लागले. भाद्रपद लागायच्या आधीचे दिवस. पटकी, पटकी, ताप, पटकी. एका पानावर पाच नावं पटकीची. दोन लहान मुलं.

मग ते थांबले.

“भिवा वलद सका,” ते म्हणाले. “वलद म्हणजे मुलगा, त्या काळी तसं लिहीत.” पुन्हा थांबले. दादांकडे बघितलं आणि पुढची ओळ सोडून खाली गेले.

“गुरुजी,” दादा म्हणाले, “मधलं वाचा की. लिहिलंय ते वाचा.”

गुरुजींनी भिंग परत वर नेलं. “जात म्हार,” त्यांनी हळू वाचलं. “राहणार... गावाचं नाव वाळवीनं खाल्लंय. तालुके करमाळे. धंदा रेल्वेकडील मजुरी. वय अंदाजे तीस. मयत तारीख पाच सप्टेंबर. कारण पटकी.”

चार तारखेपासून गैरहजर. पाच तारखेला मयत.

नाशिकरोडची वही इंग्रजीत, नाशिकची मोडीत. दोन्हींमध्ये सहा मैलांचं अंतर. एवढ्या वर्षांत ती दोन पानं कुणी शेजारी ठेवून बघितली नव्हती. मी माझ्या वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक उतरवून घेतल्या.

बाहेर येऊन आम्ही एका हॉटेलात मिसळ मागवली, ती समोर आल्यावर दादा लाल रश्शाकडे बघत म्हणाले, “म्हणजे त्या वर्षीच गेला. मी तर त्याला बिगारी करताना कितीदा शिव्या दिल्या. लग्नात दिल्या. तू झालीस तवा दिल्या. त्याच्या आधीच तो मेला होता.”

मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळणार होतं?”

“ते खरं.” त्यांनी पाव मोडला, खाल्ला नाही. “पण सुमन, कामावरनं निघून गेला तो कुठं चालला होता? मेला हे खरं. पण इगतपुरीच्या वाटंवर मेला असंल तर?”

मी म्हटलं, “उद्या लहवितलाच जाऊन विचारू.”

लहवित

नाशिकरोडहून सकाळच्या पॅसेंजरनं देवळाली कॅम्प मागे टाकलं की लहवित. कॅम्पाला फौजी आणि त्यांची कुटुंबं उतरली, डबा रिकामा झाला. लहवितला आम्ही दोघं आणि दूधवाले. स्टेशनच्या पलीकडे द्राक्षाच्या बागा, थंडीनं पानांवर पाणी. आमच्या करमाळ्याच्या माळानंतर हे सगळं श्रीमंत वाटत होतं.

स्टेशनवरच्या पोर्टरला विचारलं की गँगच्या जुन्या काळातलं कुणी आहे का. तो म्हणाला, “कादरचाचांकडं जा. चावीवाले होते. त्यांचे वालिदबी गँगलाच होते.” चावीवाला म्हणजे रोज रुळावरून चालत जाऊन रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करणारा.

कादरचाचांचं घर गावाच्या कडेला, रुळाकडे तोंड करून. ते अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. वय दादांपेक्षा दोनचार वर्षांनी जास्त असेल. आम्ही बसलो, त्यांच्या सुनेनं पाणी आणलं. लांबून धडाम असा आवाज आला आणि भांड्यातलं पाणी हललं. मी दचकले.

“काय नाय बाई, तोफखान्याची तालीम हाय,” चाचा म्हणाले. “आमची पोरं या आवाजावरच झोपत्यात. बोला, कुठून आले?”

मी सांगायला तोंड उघडलं, पण दादा आधी बोलले.

“सोलापूरकडनं. भिवा सका म्हणून हितल्या गँगला होते. अकरा नंबरच्या. माझे वडील.”

मी दादांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

चाचांनी मान तिरपी केली. “सोलापूरवाला?”

“तुम्हाला ठाऊक हाय?”

“मी पोरगं होतो तवा. नऊदहा वर्षांचा. पण अब्बा लय सांगायचे त्याचं. पटकीच्या सालचा सोलापूरवाला.” ते खाटेवर सरळ बसले. “तुम्ही त्याचे चिरंजीव?”

“हो.”

“अल्ला,” चाचा म्हणाले, आणि सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. चहा आल्यावर चाचांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते.

“गँगची झोपडी तिकडं नाल्याच्या वरल्या अंगाला होती. साथ लागली तसे लोक घाबरले. पण तो साथीला भिऊन नाय निघाला. त्याचं आधीच ठरलेलं. सणाला गावी जायचं म्हणून अब्बापाशी चार दिस आधीपासून सांगत होता. सकाळी गठुडं बांधून निघाला. रुळाच्या कडंकडंनं.”

दादांनी विचारलं, “कुठल्या अंगाला?”

“आं?”

“निघाला तो कुठल्या बाजूला? इगतपुरीकडं का...”

“इगतपुरीकडं कशाला?” चाचांनी हात उचलून आम्ही आलो होतो त्या दिशेला दाखवला. “इकडं. देवळालीकडं. तिथून मनमाडची गाडी धरायची होती त्याला. मनमाडावरनं त्याच्या गावाकडं दुसरी गाडी जाते म्हणायचा. नाल्यापाशी गेला आणि उलट्या लागल्या. अब्बा तिथंच काम करत होते, त्यांनी बघितलं. उचलून चावडीपाशी आणलं. कुणी जवळ येईना. रात्र काढली त्यानं, दुसऱ्या दिशी दुपारी गेला. अब्बा आणि आणखी दोघांनी नाल्याच्या काठाला पुरलं. अब्बा म्हणायचे, त्याची रीत आम्हाला काय ठाऊक. मी अल्लाचं नाव घेतलं, त्या दोघांनी विठोबाचं घेतलं, आणि माती टाकली.”

“घरी कळवलं नाही कुणी,” मी म्हटलं. माझ्या आवाजात तक्रार आली असावी.

“कसं कळवणार, बाई? अब्बांना लिहिता येत नव्हतं. आणि त्यांना सोलापूरवाला एवढंच ठाऊक, गाव सांगितलं असंल ते त्यानं चावडीवर पाटलाला. आठ दिसांत सगळी गँग घोटीला हलवली. तिथं आमच्या घरातबी दोघं गेले, माझी बहीण आणि आजी. अब्बा नंतर म्हणायचे, त्याचं कुणी आलं असंल का शोधायला. आम्ही हितं असतो तर सांगितलं असतं.”

“आले होते,” दादा म्हणाले. “माझे चुलते आले होते.”

परत एकदा तोफेचा आवाज झाला, पण या वेळी मी दचकले नाही.

चाचा आम्हाला नाल्यापर्यंत घेऊन गेले. हातात काठी, तरी रुळाच्या कडेनं त्यांची चाल आमच्यापेक्षा जलद. खडीवर पाय कसा टाकायचा हे त्यांच्या पायांना पाठ होतं. नाल्यावर आता दगडी बांधकामाचा रुंद पूल आहे, दोन्ही लोहमार्ग त्यावरून जातात. ज्या काठावर पुरलं तिथं भराव टाकलेला. खूण म्हणून काही नव्हतं. चाचांनी काठीनं अंदाजे जागा दाखवली, मग स्वतःच म्हणाले, “दोनचार हात इकडंतिकडं असंल. खोटं नाय सांगत.”

दादांनी चपला काढल्या. खडी टोचत असणार, पण ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं, घरात म्हणतात तसंच, मोठ्यानं. कादरचाचा डोक्यावरची टोपी नीट करून बाजूला उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलत होते. तेवढ्यात मालगाडी आली. चाचांनी आम्हाला दोघांना दंडाला धरून मागे घेतलं. डबे मोजायची माझी लहानपणापासूनची सवय, पण त्या दिवशी मोजले नाहीत. गाडी गेल्यावर दादांनी अर्धं राहिलेलं त्रिशरण पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं.

दुपारी चाचांच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. दादा दोन भाकरी जेवले. निघताना चाचांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “भाई, अब्बांच्या मनाला लागून राहिलं होतं. आज फिटलं.” गाडीत बसल्यावर दादा खिडकीच्या गजाला धरून उलट्या दिशेला, इगतपुरीकडे, बराच वेळ बघत होते. नंतर तोंड फिरवून सरळ बसले.

परतीच्या वाटेवर

कोतवाल बुकातल्या नोंदीची, मोडीतून बाळबोधीत उतरवलेली सही-शिक्क्याची नक्कल घेऊन आम्ही निघालो. सोलापूरची एसटी नगरवरून करमाळ्याला येते. आमची तिकिटं सोलापूरपर्यंतची होती. करमाळ्याच्या स्टँडवर दादा अचानक उठले आणि पिशवी खांद्याला लावली.

“उतर. गावात जाऊन येऊ.”

गावाकडे ते वीस वर्षांत गेले नव्हते. वस्तीत आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. त्यांच्या बरोबरीचे एक-दोघेच उरले होते. पण तानाबाई होती. ती माझ्या आजीची, यमुनाची, शेजारीण, बारसं असो की मयत, दोघी बरोबर जायच्या. आता नव्वदीची, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. दादांनी जयभीम केला, आपलं नाव सांगितलं. तिनं हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला.

“यमुनाचा गं,” ती स्वतःशीच म्हणाली.

दादांनी नक्कल काढली आणि वाचली. सगळी, मधला एकही शब्द न सोडता. आजूबाजूची माणसं गोळा झाली. वाचून झाल्यावर त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, की तो मनमाडच्या गाडीला निघाला होता, नाल्यापाशी आजारी पडला, दुसऱ्या दिवशी गेला.

तानाबाईनं विचारलं, “म्हंजी यायला निघाला होता?”

“निघाला होता.”

“पोळ्याला?”

“पोळ्यालाच.”

ती थोडा वेळ मान हलवत राहिली. “त्या पोळ्याला यमुनानं पुरण घातलं होतं,” ती म्हणाली. “चार पोळ्या झाकून ठेवल्या. मी म्हनलं, खाऊन घे गं. म्हनली, येतील, गाडीला उशीर झाला असंल. दोन दिस झाकून ठेवल्या होत्या. पुढं त्यांचं काय केलं तिनं, ते काय मला ठावं न्हाई.”

“मला ठावं हाय,” दादा म्हणाले. ते तिच्या पायाशी खाली बसले. “तिसऱ्या दिवशी तिनं मला उठवलं आणि चारी मला खायला घातल्या. स्वतः एक घास खाल्ला नाही. मला वाटलं होतं, माझ्यासाठीच केल्यात.”